हे चर्च नेमके कोणाचे?

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

महाराष्ट्रातल्या एखाद्या जुन्या गावात जाऊन ‘इथली सर्वांत जुनी वास्तू कोणती?’ असे विचारले, तर लोक बहुधा गावातल्या देवळाकडे बोट दाखवतात. इंग्लंडमधल्या खेड्यात हाच प्रश्न केला, तर बोट चर्चच्या मनोऱ्याकडे जाते. तिथले किती तरी किल्ले ओस पडले, मठ तर राजाज्ञेनेच मोडले गेले. पण गावोगावची चर्च टिकून राहिली. ‘चर्च ऑफ इंग्लंड’ या तिथल्या अधिकृत धर्मसंस्थेकडे आजही सुमारे १६ हजार चर्च आहेत आणि त्यांतली १२ हजारांहून अधिक कायद्याने संरक्षित आहेत.

ही चर्च बघायला जाणारा माणूस कमानी, रंगीत काचा आणि उंच मनोरे बघून परततो. ते बघण्यासारखे असतेच. पण आज मला त्या दगडांमागच्या एका जुन्या भांडणाविषयी बोलायचे आहे. गावाचे चर्च नेमके असते कोणाचे? पाद्रीबुवांचे, जमीनदाराचे, ज्यांनी पैसे दिले त्या व्यापाऱ्यांचे, की दर रविवारी तिथे येणाऱ्या साध्या माणसांचे? या प्रश्नावर शतकानुशतके जे काही घडले, त्याच्या खुणा एकाच इमारतीत बघायच्या असतील, तर ऑक्सफर्डशायर परगण्यातल्या बर्फर्ड या छोट्या गावात जावे. सेंट जॉन द बॅप्टिस्टच्या नावाने ओळखले जाणारे तिथले चर्च ही आजच्या भाषणाची नायिका म्हणा ना!

आधी ‘पॅरिश’ या शब्दाविषयी थोडेसे. पॅरिश म्हणजे एका पाद्र्याच्या देखरेखीखालचा टापू. त्या टापूतल्या प्रत्येकाचा बाप्तिस्मा, लग्न आणि दफन गावच्या चर्चमध्येच व्हायचे. १५३८ पासून या तिन्हींची नोंद ठेवणे प्रत्येक पॅरिशला बंधनकारक झाले, त्यामुळे गरिबातल्या गरिबाचेही नाव चर्चच्या वहीत राहू लागले. शेतकरी आपल्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला देत असे. आणि दुरुस्तीची वाटणी तर फार गमतीची होती. चर्चच्या पूर्वेकडच्या भागात मुख्य वेदी असते. त्या भागाला चान्सेल म्हणतात, आपण गाभारा म्हणू. त्याच्या डागडुजीचा खर्च चर्चचे उत्पन्न खाणाऱ्याने करायचा. आणि पश्चिमेकडचे मोठे दालन, जिथे लोक उभे राहत, त्याचा खर्च लोकांनीच करायचा. म्हणजे एकाच छपराखाली मालकीची दोन टोके पहिल्यापासूनच होती.

आता बर्फर्डकडे वळू. ऑक्सफर्डच्या पश्चिमेला कॉट्सवोल्ड नावाचा टेकड्यांचा प्रदेश सुरू होतो. त्याच्या कडेला, विंडरश नावाच्या लहानशा नदीकाठी हे गाव आहे. गावचा मुख्य रस्ता उतारावरून थेट नदीकडे येतो आणि तिथेच, खालच्या अंगाला चर्च आहे. या टेकड्या मेंढ्यांच्या. मध्ययुगात इंग्लंडची लोकर फ्लँडर्स आणि इटलीपर्यंत जात असे आणि तिच्यावर सबंध देश पोसला जात असे. बर्फर्डच्या व्यापाऱ्यांना आपला संघ, म्हणजे गिल्ड स्थापण्याची सनद १०८८ ते ११०७ या काळात केव्हातरी मिळाली. इंग्लंडमधल्या अशा सर्वांत जुन्या सनदांपैकी ही एक. नाशिक-जुन्नरच्या लेण्यांतल्या शिलालेखांत ज्या श्रेणी भेटतात, त्यांच्याच जातकुळीची ही संस्था. बाजाराचे नियम ठरवायचे, आपसांतले तंटे सोडवायचे आणि धर्मकार्यालाही पैसा द्यायचा, ही तिची कामे.

चर्चचा सर्वांत जुना उभा भाग म्हणजे मधला मनोरा. तो बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. नॉर्मंडीहून आलेल्या राज्यकर्त्यांनी आणलेली ही बांधणी ओळखायला सोपी असते. जाड भिंती, आखूड खिडक्या आणि अर्धवर्तुळाकार कमानी. अर्धवर्तुळाची एक अडचण असते. कमान जितकी रुंद, त्याच्या निम्मी तिची उंची. उंची वाढवायची तर रुंदीही वाढवावी लागते. पुढे टोकदार कमान आली आणि ही अडचण सुटली. टोकदार कमान अरुंद असूनही उंच नेता येते आणि तिचा भार अधिक सरळ खाली उतरतो. भिंतींवरचा ताण कमी झाला, तशा खिडक्या मोठ्या झाल्या. गॉथिक शैली म्हणतात तिचे बळ या साध्या युक्तीत आहे.

पंधराव्या शतकात लोकरीच्या व्यापाऱ्यांकडे भरपूर पैसा खेळू लागला. त्यांनी मुख्य दालन उंच केले, त्याला मोठमोठ्या खिडक्या बसवल्या आणि जुन्या नॉर्मन मनोऱ्यावर आणखी एक मजला आणि त्यावर दगडी सुळका चढवला. लांबून येणाऱ्याला गाव दिसण्याआधी सुळका दिसावा, ही हौस. पण तीनशे वर्षांपूर्वीच्या गवंड्याने हा भार धरून पाया घातलेला नव्हता. मनोऱ्याखालच्या कमानींना आधार देऊन त्या मजबूत कराव्या लागल्या. आजही आत उभे राहून वर पाहिले, की नव्या पैशाचे ओझे जुन्या खांद्यांनी कसे पेलले आहे, ते दिसते.

दक्षिणेकडचा प्रवेशमंडपही याच काळातला. तो तीन मजली आहे आणि आतून त्याचे छत पंख्यासारख्या दगडी फासळ्यांनी कोरलेले आहे. खेडेगावच्या चर्चला तीन मजली प्रवेशमंडप कशाला, असा प्रश्न कोणालाही पडेल. उत्तर असे, की त्या काळी प्रवेशमंडप म्हणजे नुसते दार नव्हे. लग्नाचा पहिला विधी इथे होई, करारमदार इथे होत, वरच्या खोल्यांत कागदपत्रे ठेवली जात. आपल्याकडे पंचमंडळी देवळाच्या पारावर बसत, तसेच हे.

आणि या चर्चमधली सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे व्यापारी संघाचे प्रार्थनागृह. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला संघाने आपले प्रार्थनागृह चर्चला न जोडता आवारातच पण वेगळे बांधले. त्याची दिशाही चर्चपेक्षा थोडी तिरकी ठेवली गेली. पुढे पंधराव्या शतकात चर्च वाढत वाढत त्याच्यापर्यंत पोचले आणि दोन्ही एक झाली. पण तिरकेपणा तसाच राहिला. आज चर्चचा नकाशा समोर ठेवला, तर एखाद्या जुन्या वाड्याला पिढ्यानुपिढ्या खोल्या जोडत जाव्यात तसा तो दिसतो आणि त्यात हा एक कोपरा रेषेत बसत नाही. व्यापाऱ्यांचे म्हणणे त्या तिरकेपणात राहिले आहे: आम्ही इथले आहोत, पण आमचे आम्ही आहोत.

सोळाव्या शतकात सगळेच उलटेपालटे झाले. आठव्या हेन्रीने रोमच्या पोपशी नाते तोडले, मठ बरखास्त करून त्यांच्या जमिनी विकल्या-वाटल्या. त्याच्या मुलाच्या कारकिर्दीत, १५४७ मध्ये, मृतांच्या आत्म्यासाठी प्रार्थना चालाव्यात म्हणून दिलेली सगळी दाने सरकारजमा झाली. देशभरच्या चर्चमधल्या मूर्ती फोडल्या गेल्या, भिंतींवरच्या चित्रांवर चुन्याचे हात फिरले. व्यापाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ज्यासाठी पैसे दिले, तेच बेकायदा ठरले.

या उलथापालथीत ज्यांचे भले झाले, त्यांतला एक म्हणजे एडमंड हार्मन. हा आठव्या हेन्रीचा न्हावी. हसू नका, राजाच्या गळ्याजवळ रोज वस्तरा धरणारा माणूस म्हणजे केवढ्या विश्वासाचा! होल्बाइन या थोर चित्रकाराने राजा आणि न्हावी-शल्यवैद्यांचा संघ यांचे जे मोठे चित्र काढले, त्यातही हार्मन आहे. राजाने त्याला बर्फर्डमधली जुन्या धर्मादाय संस्थेची मालमत्ता दिली. १५६९ मध्ये हार्मनने चर्चमध्ये आपल्या कुटुंबाचे स्मारक उभारले. खालच्या पट्टीत त्याची १६ मुले गुडघे टेकून बसली आहेत आणि वरच्या चौकटीभोवती चक्क अमेरिकेतले चार मूलनिवासी कोरले आहेत. ते ब्राझीलकडचे असावेत असे मानतात आणि नमुना फ्लँडर्समधल्या एका छापील नक्षीवरून घेतला असावा, असे जाणकार सांगतात. इंग्लंडमध्ये अमेरिकेच्या मूलनिवासींचे जे अगदी सुरुवातीचे चित्रण झाले, त्यात याची गणना होते. मेंढ्यांच्या गावात, न्हाव्याच्या स्मारकावर, समुद्रापलीकडची माणसे!

हार्मनने निदान गावाशी वैर धरले नाही. त्यानंतर आलेल्या सर लॉरेन्स टॅनफील्डबद्दल मात्र तसे म्हणता येत नाही. हा मोठा कायदेपंडित, ‘एक्सचेकर’ या न्यायालयाचा मुख्य न्यायाधीश. त्याने बर्फर्डमध्ये हार्मनचीच जुनी मालमत्ता घेतली आणि पुढे गावच्या जहागिरीचे हक्कही मिळवले. पण गावचा बाजार, जकात, न्यायनिवाडा हे सारे पाचशे वर्षे व्यापारी संघाच्या हाती होते. १६२० मध्ये त्या हक्कांना कोर्टात आव्हान दिले गेले. कोर्ट कोणते, तर ज्याचा मुख्य न्यायाधीश स्वतः टॅनफील्ड होता तेच! निकाल काय लागला असेल, हे सांगायला नको. गावकऱ्यांचे अधिकार गेले.

१६२५ मध्ये टॅनफील्ड वारला. त्याच्या पत्नीने, कोणाची परवानगी न घेता, चर्चच्या गाभाऱ्याला लागून असलेल्या उत्तरेकडच्या दालनात त्याची अवाढव्य समाधी बांधली. ती आजही तिथे आहे. वर नवरा-बायकोचे रंगवलेले पुतळे झोपलेले, बाजूला प्रार्थना करणारी मुलगी आणि नातू आणि खाली दगडात कोरलेला सांगाडा. ही मुलगी एलिझाबेथ केरी म्हणजे इंग्रजीत स्वतंत्र नाटक लिहून छापणारी पहिली स्त्री. तिचे ते नाटक १६१३ मध्ये छापले गेले. कलेच्या दृष्टीने ही समाधी उत्तम आहे. पण गावाने तिचा सूड आपल्या पद्धतीने घेतला. टॅनफील्ड पती-पत्नीच्या प्रतिमा करून त्या दरवर्षी जाळण्याची प्रथा पुढे जवळजवळ दोनशे वर्षे चालली, असे सांगतात. ज्यांचे पुतळे चर्चमध्ये मानाने निजलेले, त्यांचेच पुतळे बाहेर रस्त्यावर जळत होते. चर्च कोणाचे, या प्रश्नाला आतले उत्तर एक होते आणि बाहेरचे दुसरे.

टॅनफील्डला जाऊन पंचवीस वर्षेही झाली नव्हती, तोच या चर्चला आपल्या इतिहासातले सर्वांत कठीण तीन-चार दिवस बघावे लागले. साल १६४९. आपल्याकडे त्याच वर्षी आदिलशहाच्या कैदेतून शहाजीराजांची सुटका झाली, शिवाजीराजे तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. इंग्लंडमध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यातले यादवी युद्ध पार्लमेंटने जिंकले होते आणि ३० जानेवारीला पहिल्या चार्ल्स राजाचा शिरच्छेद झाला होता. राजा गेला, आता राज्य कोणाचे? पार्लमेंटच्या फौजेतले बरेच शिपाई म्हणू लागले, की ज्यांनी रक्त सांडले त्यांनाही मत हवे. बहुतेक प्रौढ पुरुषांना मताधिकार, कायद्यापुढे सर्व सारखे, ज्याला त्याला आपला धर्म पाळण्याची मुभा, ही त्यांची मागणी. विरोधक त्यांना कुचेष्टेने ‘लेव्हलर्स’ म्हणत, म्हणजे सगळ्यांना एका पातळीत आणणारे. आधी १६४७ मध्ये या मागण्यांवर सेनापतींशी त्यांची उघड चर्चा झाली होती आणि तीसुद्धा लंडनजवळच्या पटनी गावच्या पॅरिश चर्चमध्ये. गावात सगळ्यांना पुरेल एवढे एकच छप्पर असे, ते चर्चचे.

१६४९ च्या मे महिन्यात काही पलटणींनी बंड केले. थकलेला पगार मिळालेला नव्हता, आयर्लंडच्या मोहिमेवर जाण्याची इच्छा नव्हती आणि दिलेली वचने हवेत विरली होती. बंडखोर शिपाई १३ मेच्या रात्री बर्फर्डमध्ये मुक्कामाला थांबले. वाटाघाटी सुरू आहेत, तेव्हा हल्ला होणार नाही, अशी त्यांची समजूत होती. पण ऑलिव्हर क्रॉमवेलचे घोडदळ दिवसभर लांबची मजल मारून मध्यरात्रीच्या सुमाराला गावात घुसले. फारसा प्रतिकार झालाच नाही. सुमारे ३४० शिपाई पकडले गेले. एवढ्या माणसांना ठेवायचे कुठे?  त्यांना चर्चमध्ये कोंडले.

त्या कोंडलेल्यांपैकी एकाने बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडाच्या शिशाच्या कडेवर आपले नाव कोरले. अँथनी सेडली, १६४९ आणि पुढे ‘कैदी’ या अर्थाचा इंग्रजी शब्द, तोही चुकीच्या स्पेलिंगने. मुलाला नाव देण्याचा विधी ज्या कुंडापाशी होतो, तिथेच या शिपायाने आपले नाव पुसले जाऊ नये म्हणून टोकदार काहीतरी घेऊन अक्षरे खरडली. आपला शेवट जवळ आला आहे, असे त्या ३४० जणांतल्या प्रत्येकाला वाटत असणार.

१७ मे रोजी तिघांना बाहेर काढले. थॉम्प्सन हा घोडदळातला कनिष्ठ अधिकारी, पर्किन्स हा कॉर्पोरल आणि तिसरा साधा शिपाई. त्याचे आडनावच होते चर्च. बाकीच्या कैद्यांना छपरावर चढवून खाली बघायला लावले. चर्चच्या आवारात तिघांना एकामागून एक गोळ्या घातल्या. डेन नावाच्या चौथ्यालाही मृत्युदंड ठरला होता. त्याने पश्चात्ताप व्यक्त केला म्हणून त्याला सोडले आणि आपल्याच साथीदारांपुढे चूक कबूल करणारे प्रवचन द्यायला लावले. हे आटोपून क्रॉमवेल जवळच्या ऑक्सफर्डला गेला आणि तिथल्या विद्यापीठाने त्याला कायद्याची सन्माननीय पदवी दिली! लेव्हलर्सची चळवळ पुढे विरून गेली. त्यांनी मागितलेला मताधिकार ब्रिटनमधल्या सर्व प्रौढ पुरुषांना मिळायला १९१८ साल उजाडावे लागले. आणि त्या तिघांच्या दफनाची नोंद? ती मात्र गावच्या चर्चच्या वहीत तेव्हाच झाली. राज्याने ज्यांना बंडखोर म्हणून मारले, त्यांना पॅरिशने आपल्या मृतांमध्ये जागा दिली.

यानंतरची दोनशे वर्षे तुलनेने शांततेची. सतराव्या-अठराव्या शतकांतल्या व्यापाऱ्यांच्या दगडी समाध्या आवारात आहेत. त्यांच्या माथ्यावर अर्धगोल, वळ्या पडलेला दगड असतो. लोक त्याला लोकरीचा गठ्ठा म्हणतात. माणूस जन्मभर ज्यावर जगला, तेच उशाला घेऊन निजला, असा त्याचा अर्थ लावतात. पण लोकरीचे दिवस हळूहळू संपत आले होते. गावाकडे पैसा उरला नाही. एका अर्थी हे चर्चच्या पथ्यावरच पडले, कारण पैसा नसला की जुने पाडून नवे बांधायचा मोहही होत नाही.

हा मोह एकोणिसाव्या शतकात आला, तो भक्तीच्या रूपाने. व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडमध्ये धर्माची नवी लाट आली आणि मध्ययुगातले चर्च हेच खरे चर्च, अशी समजूत पसरली. मग हजारो चर्चचा ‘जीर्णोद्धार’ सुरू झाला. पाद्री आणि वास्तुतज्ज्ञ मिळून ठरवत, की या इमारतीचे अमुक शतकातले रूप शुद्ध, बाकीचे सारे मागाहून आलेले मिश्रण. मग मिश्रण काढून टाकायचे. अठराव्या शतकातली बाके काढा, भिंतींचा गिलावा खरवडून दगड उघडा करा, झिजलेली शिल्पे बदलून ताजी बसवा. हेतू चांगला होता, हे मान्य केले पाहिजे. अनेक छपरे गळत होती, जमिनीखालच्या दफनांमुळे फरशा खचल्या होत्या आणि हात लावला नसता तर काही चर्च खरोखरच पडली असती. पण आजारी माणसाला औषध देणे वेगळे आणि त्याला तरुण करण्याच्या नादात त्याचा चेहराच बदलणे वेगळे.

बर्फर्डचे काम १८७० च्या दशकात जॉर्ज एडमंड स्ट्रीट या नामवंत वास्तुतज्ज्ञाकडे होते. १८७६ मध्ये त्या वाटेने जाताना विल्यम मॉरिस हा कवी आणि कारागीर तिथे थांबला. बर्फर्डपासून थोड्याच मैलांवर, केल्म्स्कॉट गावी त्याचे घर होते. भिंतींची खरवड बघून तो संतापला. गंमत अशी, की तरुणपणी, १८५६ मध्ये, हाच मॉरिस याच स्ट्रीटच्या कार्यालयात उमेदवारी करत होता. म्हणजे गुरूचेच काम शिष्याला बघवेना. त्याने पाद्रीबुवांकडे तक्रार केली. तेव्हा पाद्रीबुवांनी, चर्च माझे आहे आणि मनात आले तर मी त्यात डोक्यावरसुद्धा उभा राहीन, अशा आशयाचे उत्तर दिले, अशी आख्यायिका बर्फर्डमध्ये आजही सांगतात. शब्द तेच असोत वा नसोत, भूमिका मात्र त्या काळी सर्रास होती.

मॉरिसने निषेधाच्या पत्राचा मसुदा केला. पुढच्याच वर्षी ट्यूक्सबरीच्या प्राचीन मठ-चर्चचे काम सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या त्याहूनही प्रसिद्ध वास्तुतज्ज्ञाकडे गेल्याची बातमी त्याने वाचली आणि मार्च १८७७ मध्ये एका साप्ताहिकाला पत्र लिहून प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढण्याची हाक दिली. २२ मार्चला ती संस्था स्थापन झालीसुद्धा. ‘सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ एन्शंट बिल्डिंग्ज’ हे तिचे लांबलचक नाव. मॉरिस तिला लाडाने ‘अँटी-स्क्रेप’, म्हणजे खरवडविरोधी मंडळी म्हणत असे. ती आजही काम करते आहे.

हे स्कॉट आपल्याला अपरिचित नाहीत, बरे का! मुंबई विद्यापीठाचा दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवर यांचा आराखडा त्यांचाच. त्यांनी मुंबईत पाऊल न ठेवता लंडनमध्ये बसून तो केला. मॉरिसच्या पत्राच्या पुढच्याच वर्षी, १८७८ मध्ये, टॉवर पूर्ण झाला. पण त्याआधी काही महिने स्कॉट वारले होते. इंग्लंडच्या चर्चमधली टोकदार कमान मुंबईच्या उन्हात कशी दिसते, ते बघायचे तर ओव्हल मैदानावर उभे राहावे.

मॉरिसच्या संस्थेचे म्हणणे काय होते? त्याआधी १८४९ मध्येच जॉन रस्किन या विचारवंताने लिहून ठेवले होते, की जुन्या इमारती आपल्या मालकीच्या नसतातच. काही अंशी त्या बांधणाऱ्यांच्या असतात आणि काही अंशी आपल्यामागून येणाऱ्या सगळ्या पिढ्यांच्या. मॉरिसने त्याला व्यवहाराची जोड दिली. जीर्णोद्धार नको, रोजची निगा हवी. छपराची फुटलेली कौले वेळेवर बदला, पावसाचे पाणी भिंतीत मुरू देऊ नका, टेकू लागला तर तो टेकूच दिसू द्या, जुन्याचे सोंग आणू नका. आणि इमारतीवर प्रत्येक शतकाने केलेली भर हा तिचा इतिहास आहे, त्यातले एक पान चांगले आणि दुसरे वाईट असे ठरवून पाने फाडू नका. बर्फर्डचेच बघा. एकच काळ शुद्ध मानला असता, तर तिरके प्रार्थनागृह, न्हाव्याचे स्मारक, टॅनफील्डची समाधी आणि कैद्याची ओरखड, यांतले काय शिल्लक राहिले असते?

या विचाराचा धागा आपल्यापर्यंत येऊन पोचतो. १९०२ ते १९२८ या काळात भारतीय पुरातत्त्व खात्याचे प्रमुख असलेले जॉन मार्शल यांनी १९२३ मध्ये वास्तूंच्या जतनाची एक नियमपुस्तिका काढली. वास्तूचा अस्सलपणा गेला की तिचे ऐतिहासिक मोलही जाते, म्हणून नवे करणे नव्हे तर आहे ते राखणे हे पहिले कर्तव्य, हे तिचे सूत्र मॉरिसच्या मंडळींच्याच परंपरेतले आहे. आपल्या लेण्यांची आणि किल्ल्यांची निगा याच शिस्तीत चालत आली. मात्र मार्शल यांनी एक व्यावहारिक भेदही ओळखला. जिथे आजही पूजाअर्चा चालते, त्या वास्तूंना ओसाड अवशेषांचा नियम जसाच्या तसा लावता येत नाही.

खरी अडचण तिथेच आहे. आपल्याकडची असंख्य जुनी देवळे कोणत्याही खात्याच्या ताब्यात नाहीत. ती गावाची आहेत, ट्रस्टची आहेत. गावाला चार पैसे मिळाले, की भक्तिभावानेच काळ्या दगडावर ऑइलपेंट चढतो, लाकडी सभामंडपाच्या जागी स्लॅब पडतो, कोरीव खांबांना चकचकीत टाइल लागते आणि आवारातले वीरगळ उचलून कुंपणाला लावले जातात. त्यांना हसण्यात अर्थ नाही. देव त्यांचा आहे, वर्गणी त्यांची आहे आणि पाऊस आला की छप्पर त्यांच्याच डोक्यावर गळते. ‘आम्ही काय संग्रहालय चालवायचे?’ हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे.

इंग्लंडने त्याचे उत्तर कायद्याच्या वाटेने शोधले. बर्फर्डचे चर्च ओस पडलेले नाही. तिथे प्रार्थना होतात, लग्ने लागतात. पण कोणत्याही पॅरिश चर्चमध्ये महत्त्वाचा बदल करायचा, तर धर्मप्रांताच्या न्यायाधिकाऱ्याची परवानगी लागते आणि त्याआधी जाणकारांचा सल्ला घेतला जातो. गावातल्या सामान्य माणसालाही हरकत घेता येते. आणखी एक साधी पण मोलाची तरतूद १९५५ मध्ये झाली. दर पाच वर्षांनी वास्तुतज्ज्ञाने प्रत्येक चर्चची कौलांपासून गटारापर्यंत तपासणी करायची आणि दुरुस्त्यांची यादी द्यायची. मॉरिसची ‘रोजची निगा’ अशी नियमात बसली. पैशाची चणचण तिथेही आहे, लहान गावांत माणसेही कमी पडतात. पण गळणारी पन्हळ पाच हजारांत दुरुस्त करायची, की वीस वर्षांनी पाच लाखांचे छप्पर बदलायचे, हा हिशेब ज्याला त्याला कळतो. आणि पाद्रीबुवांचे म्हणाल, तर त्यांना आज एक जुने बाकसुद्धा आपल्या मर्जीने हलवता येत नाही. डोक्यावर उभे राहायला मात्र अजूनही परवानगी लागत नसावी!

बर्फर्डच्या चर्चवर हक्क सांगणारे एकेक करून गेले. व्यापारी संघ गेला, न्हावी गेला, न्यायाधीश गेला, सेनापती गेला, पाद्री आणि त्याच्याशी भांडणारा कवीही गेला. प्रत्येकाने जाताना काहीतरी मागे ठेवले आणि चर्चने ते सांभाळले. १९७५ पासून दरवर्षी मे महिन्यात लेव्हलर्सच्या आठवणीसाठी लोक बर्फर्डमध्ये जमतात आणि १९७९ पासून गोळ्या घातलेल्या त्या तिघांच्या नावांची पाटी चर्चच्या भिंतीवर आहे. टॅनफील्डची समाधी कोणी फोडलेली नाही आणि सेडलीचे नाव कोणी घासून काढलेले नाही. दोन्ही एकाच छपराखाली आहेत.

आपल्या गावच्या देवळाचे काम निघेल, तेव्हा वर्गणीबरोबर एवढी एक गोष्ट द्यावी. रंगाचा डबा उघडण्याआधी खांबांवर, पायऱ्यांवर, कोनाड्यांत कोणी काही कोरून ठेवले आहे का, ते नीट बघावे आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावे. ज्याने ते कोरले, तोही त्या देवळाचा एक मालकच होता आणि त्याच्या वतीने बोलायला आता आपल्याशिवाय कोणी नाही.